गुन्हेगारी नोंदीतून मुक्तता : खर्च, संधी आणि विषमता

शासकीय सेवेत निवड झालेल्या प्रत्येक उमेदवाराला नियुक्तीपूर्वी साक्षांकन नमुना भरून द्यावा लागतो. आपल्याला कधी अटक झाली आहे काय, आपल्यावर कधी खटला चालविण्यात आला आहे काय, न्यायालयाने आपल्याला दोषी ठरविले आहे काय, असे प्रश्न त्यात असतात. त्यानंतर पोलिसांमार्फत चारित्र्य व पूर्ववृत्त पडताळणी होते. बहुसंख्य उमेदवारांच्या दृष्टीने हा केवळ औपचारिक टप्पा असतो. परंतु एखाद्या जुन्या भांडणात, आंदोलनात किंवा कौटुंबिक वादात ज्यांचे नाव प्रथम खबरी अहवालात आले, त्यांच्यासाठी अनेक वर्षांच्या अभ्यासाचे फळ याच टप्प्यावर पणाला लागते.

गुन्ह्याची शिक्षा न्यायालय ठरविते आणि तिला मुदत असते. गुन्हेगारी नोंदीमुळे होणारी हानी मात्र कोणत्याही निकालपत्रात लिहिलेली नसते आणि तिची मुदतही ठरलेली नसते. या हानीतून बाहेर पडण्याचे काही कायदेशीर मार्ग उपलब्ध आहेत. पण त्यांना वेळ, पैसा आणि माहिती लागते. या तिन्ही गोष्टींचे समाजातील वाटप विषम असल्याने नोंदीतून मुक्त होण्याची संधीही विषम राहते. म्हणूनच या प्रश्नाचा विचार कायद्याइतकाच अर्थशास्त्राच्या आणि सामाजिक न्यायाच्या दृष्टीनेही करणे आवश्यक आहे.

नोंद म्हणजे नेमके काय?

व्यवहारात 'गुन्हेगारी नोंद' हा शब्द सैलपणे वापरला जातो. प्रत्यक्षात तिचे चार स्तर आहेत. पहिला स्तर पोलीस अभिलेखाचा. यात प्रथम खबरी अहवाल, अटकेची नोंद, दोषारोपपत्र आणि सराईत गुन्हेगारांवर पाळत ठेवण्यासाठी उघडलेली 'हिस्ट्रीशीट' यांचा समावेश होतो. दुसरा स्तर न्यायालयीन अभिलेखाचा, म्हणजे खटल्याची स्थिती, आदेश आणि निकालपत्रे यांचा. तिसरा स्तर बोटांचे ठसे, छायाचित्रे आणि इतर शारीरिक मोजमापांचा. चौथा स्तर सार्वजनिक स्मृतीचा. वृत्तपत्रांतील बातम्या आणि इंटरनेटवर शोध घेतल्यास सापडणारी निकालपत्रे यात येतात.

यांपैकी प्रत्येक स्तराचा ताबा वेगळ्या यंत्रणेकडे असतो आणि एका स्तरावरील बदल दुसऱ्या स्तरावर आपोआप पोहोचेलच, अशी खात्री नसते. न्यायालयाने निर्दोष मुक्त केलेल्या व्यक्तीची पोलीस ठाण्यातील नोंद तशीच राहू शकते, आणि खटला रद्द झाल्यानंतरही त्याची बातमी वाचता येते.

माहिती तंत्रज्ञानामुळे या अभिलेखांचे स्वरूप पालटले आहे. २००९ मध्ये केंद्र सरकारने सुमारे २,००० कोटी रुपये खर्चाच्या गुन्हे व गुन्हेगार शोध जाळे प्रणालीस, म्हणजे सीसीटीएनएस प्रकल्पास मान्यता दिली. देशभरातील पोलीस ठाणी एका जाळ्यात जोडणे हा तिचा उद्देश होता. ई-न्यायालय प्रकल्पामुळे पक्षकाराच्या नावावरून खटल्याची स्थिती पाहता येऊ लागली. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये, संवेदनशील प्रकरणे वगळता, प्रथम खबरी अहवाल २४ तासांत संकेतस्थळावर उपलब्ध करण्याचे निर्देश दिले. पारदर्शकतेच्या दृष्टीने हे सर्व बदल स्वागतार्हच आहेत. तथापि, त्यांचा एक परिणाम लक्षात घ्यावा लागतो. पूर्वी एखाद्या तालुक्याच्या पोलीस ठाण्यातील नोंदवहीत राहणारी माहिती आता देशात कोठेही आणि जवळजवळ विनाखर्च मिळू शकते. नोंद निर्माण होण्याचा आणि पसरण्याचा खर्च शून्याकडे गेला. ती दुरुस्त करण्याचा खर्च मात्र पूर्वीइतकाच राहिला.

नोंदीची आर्थिक किंमत

नोकरी देणाऱ्याला अर्जदाराच्या प्रामाणिकपणाची आणि कार्यक्षमतेची पूर्ण माहिती नसते. अर्थशास्त्रात या स्थितीला माहितीची असममितता म्हणतात. अशा वेळी नियोक्ता सहज उपलब्ध असलेल्या खुणांवर विसंबतो. पदवी ही अनुकूल खूण ठरते, तर गुन्हेगारी नोंद ही प्रतिकूल खूण. व्यक्तीची स्वतंत्र पारख करण्यापेक्षा खुणेवरून निष्कर्ष काढणे स्वस्त पडते. एडमंड फेल्प्स आणि केनेथ अ‍ॅरो यांनी १९७० च्या दशकाच्या प्रारंभी मांडलेली सांख्यिकीय भेदभावाची संकल्पना हेच स्पष्ट करते.

या खुणेचा परिणाम किती तीव्र असतो, हे अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ डेव्हा पेजर यांच्या २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसून आले. मिलवॉकी शहरात समान पात्रतेचे उमेदवार नोकरीसाठी पाठविण्यात आले. नोंद नसलेल्या श्वेतवर्णीय उमेदवारांपैकी ३४ टक्क्यांना पुढील बोलावणे आले. नोंद असलेल्यांमध्ये हे प्रमाण १७ टक्के होते. कृष्णवर्णीय उमेदवारांमध्ये हेच प्रमाण अनुक्रमे १४ आणि ५ टक्के आढळले. नोंद असलेल्या श्वेतवर्णीयाला नोंद नसलेल्या कृष्णवर्णीयापेक्षा अधिक प्रतिसाद मिळाला. नोंदीची किंमत सर्वांना सारखी मोजावी लागत नाही आणि आधीच दुर्बल असलेल्या गटाला ती अधिक जाचक ठरते, हे या आकडेवारीचे सार होय.

भारतातही नोंदीचे परिणाम अनेक क्षेत्रांत जाणवतात. शासकीय नोकरी, सुरक्षा रक्षकाचे काम, विविध परवाने आणि पारपत्र या सर्वांसाठी पोलीस पडताळणी लागते. पारपत्र अधिनियम, १९६७ च्या कलम ६(२) नुसार फौजदारी खटला प्रलंबित असल्यास पारपत्र नाकारता येते. मात्र २५ ऑगस्ट १९९३ च्या अधिसूचनेनुसार संबंधित न्यायालयाची परवानगी आणल्यास ते मिळू शकते. केरळ, उत्तर प्रदेश, बिहार किंवा कोकणातून आखाती देशांत जाऊ इच्छिणाऱ्या कामगाराच्या दृष्टीने ही परवानगी मिळविणे म्हणजे वकील, अर्ज आणि तारखा यांचा आणखी एक फेरा असतो.

कायद्यातील उपलब्ध मार्ग

काही देशांत दोषसिद्धीची नोंद ठरावीक काळानंतर पुसण्याची किंवा मोहोरबंद करण्याची सर्वसाधारण तरतूद आहे. भारतात प्रौढ व्यक्तीसाठी असा एकच सर्वंकष कायदा नाही. वेगवेगळ्या कायद्यांत विखुरलेल्या तरतुदींचा आधार घ्यावा लागतो.

पहिली तरतूद बालकांविषयी आहे. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ मध्ये 'नव्या सुरुवातीचे तत्त्व' स्वीकारण्यात आले आहे. कलम २४ नुसार विधिसंघर्षग्रस्त बालकाला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही आणि अपिलाची मुदत संपल्यानंतर विहित कालावधीत अभिलेख नष्ट करावयाचे असतात. सोळा वर्षांवरील बालकाला बाल न्यायालयाने प्रौढ म्हणून खटला चालवून दोषी ठरविले असल्यास याला अपवाद आहे.

दुसरी तरतूद अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ ची. कलम ३ किंवा ४ खाली समज देऊन अथवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलेल्या व्यक्तीस, कलम १२ नुसार, दोषसिद्धीशी निगडित अपात्रता लागू होत नाही. परंतु यामुळे दोषसिद्धीच पुसली जाते असे नाही. मूळ वर्तनाच्या आधारे नियोक्ता कारवाई करू शकतो, असे न्यायालयांनी स्पष्ट केले आहे.

तिसरा मार्ग उच्च न्यायालयाचा. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ ही १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम ५२८ मध्ये, म्हणजे पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४८२ मध्ये, उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार राखून ठेवलेले आहेत. त्यांचा वापर करून गुन्हा रद्द करता येतो. हरियाणा राज्य विरुद्ध भजनलाल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रकरणांचे प्रकार विशद केले. २०१२ च्या एका निकालात, प्रामुख्याने खाजगी स्वरूपाच्या वादात पक्षकारांची तडजोड झाल्यास गुन्हा रद्द करता येईल, हे तत्त्व मान्य करण्यात आले. गंभीर गुन्ह्यांना ते लागू होत नाही.

चौथी तरतूद शारीरिक मोजमापांविषयी आहे. फौजदारी प्रक्रिया (ओळख) अधिनियम, २०२२ ने १९२० चा जुना कायदा रद्द केला. या कायद्यानुसार मोजमापांचा अभिलेख ७५ वर्षे जतन करता येतो. पूर्वी दोषसिद्धी नसलेली व्यक्ती खटल्याविना सुटली, दोषारोपातून मुक्त झाली किंवा सर्व कायदेशीर उपाय संपल्यानंतर निर्दोष ठरली, तर तो नष्ट करावयाचा असतो. न्यायालय किंवा दंडाधिकारी लेखी कारणे देऊन वेगळा आदेश करू शकतात. मात्र नियमांनुसार अभिलेख नष्ट करण्याची विनंती राज्याने नेमलेल्या नोडल अधिकाऱ्याकडे करावी लागते. नोंद राज्य स्वतःहून घेते. ती काढण्यासाठी नागरिकाला अर्ज करावा लागतो. कायदा हक्क देतो, पण तो बजावण्याचा भार निर्दोष व्यक्तीवर टाकतो.

सार्वजनिक स्मृतीच्या स्तरावर 'विस्मृतीचा अधिकार' ही संकल्पना आकार घेत आहे. न्यायमूर्ती पुट्टास्वामी प्रकरणात २०१७ मध्ये खाजगीपणाचा हक्क मूलभूत हक्क म्हणून मान्य झाला. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये, निर्दोष सुटलेल्या एका भारतीय वंशाच्या अमेरिकी नागरिकाच्या याचिकेवर, संबंधित निकालपत्र इंटरनेटवरील शोधयंत्रांतून दिसू नये यासाठी अंतरिम आदेश दिला. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये माहिती दुरुस्त करण्याचा व पुसून टाकण्याचा हक्क आहे. परंतु न्यायालयीन कामकाज आणि गुन्ह्यांचा तपास यांसाठीच्या माहितीला त्यातून सूट देण्यात आलेली आहे.

मुक्ततेचा खर्च

प्रथम खबरी अहवाल नोंदविण्यास शुल्क लागत नाही, आणि ते योग्यच आहे. त्यातून मुक्त होण्याचा खर्च मात्र अनेक घटकांचा बनलेला असतो. वकिलाचे शुल्क, प्रमाणित प्रती, शपथपत्रे, उच्च न्यायालयाच्या ठिकाणापर्यंतचा प्रवास व निवास हा प्रत्यक्ष खर्च होय. बुडालेली मजुरी हा अप्रत्यक्ष खर्च होय. प्रलंबित खटल्यामुळे हातची गेलेली नोकरी किंवा परदेशातील काम हा संधी-परिव्यय होय. तिन्ही खर्चांची बेरीज केल्याखेरीज खऱ्या किमतीचा अंदाज येत नाही.

बंगळूर येथील 'दक्ष' या संस्थेच्या २०१६ च्या न्यायप्रवेश सर्वेक्षणात यासंबंधी उपयुक्त माहिती मिळते. फौजदारी प्रकरणातील पक्षकाराला न्यायालयातील प्रत्येक दिवसासाठी सरासरी ५४२ रुपये खर्च येत होता आणि त्याचे सरासरी ९०२ रुपयांचे उत्पन्न बुडत होते. म्हणजे एका तारखेची किंमत १,४४४ रुपये. पंधरा तारखा पडल्या, तर ही रक्कम २१,६६० रुपये होते. तुलनेसाठी पाहावयाचे तर २०१६-१७ मध्ये महाराष्ट्रात राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी योजनेखालील मजुरीचा दर प्रतिदिन १९२ रुपये होता. म्हणजे केवळ प्रत्यक्ष खर्च भागविण्यासाठी मजुराला एका तारखेमागे जवळजवळ तीन दिवसांची कमाई द्यावी लागत असे.

या खर्चाचे स्वरूप प्रतिगामी करासारखे आहे. श्रीमंत आणि गरीब यांना एकाच प्रकारच्या अर्जासाठी साधारण सारखी किमान रक्कम लागते. उत्पन्नाशी तिचे प्रमाण मात्र गरिबासाठी कितीतरी अधिक भरते. शिवाय सधन व्यक्ती सुरुवातीलाच चांगला वकील करून गुन्हा रद्द करून घेऊ शकते. गरीब व्यक्तीपुढे खटला संपेपर्यंत थांबण्यावाचून पर्याय नसतो, आणि त्या काळात पडताळणीच्या प्रत्येक अर्जावर 'प्रकरण प्रलंबित' असा शेरा येत राहतो. लवकर काम मिळावे म्हणून काही जण किरकोळ गुन्ह्यात दंड भरून कबुली देतात. त्या क्षणी तो स्वस्त मार्ग वाटतो. परंतु त्यातून दोषसिद्धीची कायमची नोंद तयार होते.

मोफत विधी साहाय्याची तरतूद या विषमतेवरील घटनात्मक उपाय आहे. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९-अ समाविष्ट झाला. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ हा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. त्याच्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती व जमाती, स्त्रिया, बालके, दिव्यांग, औद्योगिक कामगार, ताब्यातील व्यक्ती आणि विहित मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले नागरिक मोफत साहाय्यास पात्र आहेत. उच्च न्यायालयांतही विधी सेवा समित्या कार्यरत आहेत. तथापि, 'इंडिया जस्टिस रिपोर्ट २०२५' नुसार विधी साहाय्यावरील देशातील दरडोई वार्षिक खर्च सुमारे ६ रुपये आहे. एवढ्या निधीत अटक, जामीन आणि खटला यांनाच प्राधान्य मिळणे स्वाभाविक आहे. खटल्यानंतरचा अभिलेख दुरुस्त करणे हा विषय मागे पडतो.

विषमतेची सामाजिक बाजू

राष्ट्रीय गुन्हे अभिलेख केंद्राच्या आकडेवारीनुसार ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशातील कारागृहांत ५,७३,२२० बंदी होते. त्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे सुमारे ७६ टक्के, खटल्याचा निकाल न लागलेले कच्चे कैदी होते. त्याच वर्षी भारतीय दंड संहितेखालील गुन्ह्यांत दोषसिद्धीचे प्रमाण सुमारे ५४ टक्के होते. म्हणजे निकाली निघालेल्या खटल्यांपैकी जवळपास निम्म्यांत आरोप सिद्ध झाला नाही. आरोपाची नोंद आणि अपराध यांत किती अंतर असू शकते, हे यावरून दिसते.

विमुक्त जमातींचा इतिहास या संदर्भात विशेष बोलका आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण समूहांना जन्मतः गुन्हेगार ठरविले. १९११ आणि १९२४ च्या कायद्यांनी ही व्यवस्था विस्तारली आणि कडक केली. व्यक्तीच्या कृत्याऐवजी तिच्या जन्माचीच नोंद पोलीस दप्तरी झाली. अय्यंगार समितीच्या शिफारशींनंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. महाराष्ट्रासह अनेक राज्यांत हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. परंतु त्याची जागा विविध राज्यांच्या सराईत गुन्हेगारविषयक कायद्यांनी घेतली. वंशभेद निर्मूलनविषयक संयुक्त राष्ट्रांच्या समितीने २००७ मध्ये हे कायदे रद्द करण्याची शिफारस केली होती. पारधी, कैकाडी, बेरड यांसारख्या समाजांतील तरुणांना आजही जुन्या संशयाचा वारसा सोसावा लागतो.

सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये या बाबतीत दोन महत्त्वाचे निर्णय दिले. मे महिन्यातील अमानतुल्ला खान प्रकरणात, मागास समाजांतील व्यक्तींच्या नावे हिस्ट्रीशीट यांत्रिकपणे उघडली जाऊ नये याकडे राज्यांचे लक्ष वेधण्यात आले. ३ ऑक्टोबर रोजी सुकन्या शांता प्रकरणात, कारागृह नियमावलींतील जातिआधारित तरतुदी घटनाबाह्य ठरविण्यात आल्या आणि विमुक्त जमातींच्या व्यक्तींना मनमानी अटक होऊ नये, असे पोलिसांना बजावण्यात आले. नोंद पुसण्याच्या खर्चाइतकाच, ती मुळात कोणाच्या नावे होते हा प्रश्नही महत्त्वाचा आहे, हे या निर्णयांनी अधोरेखित केले.

नोकरभरती आणि न्यायालयीन दृष्टिकोन

स्पर्धा परीक्षांच्या उमेदवारांनी अवतार सिंह विरुद्ध भारत सरकार (२०१६) हा निर्णय समजून घेतला पाहिजे. त्रिसदस्यीय पीठाने त्यात पूर्वीच्या परस्परविरोधी निकालांचा मेळ घातला. उमेदवाराने दिलेली माहिती खरी असावी आणि काहीही दडवू नये, हे पहिले तत्त्व. दडविलेले प्रकरण तरुण वयातील घोषणाबाजीसारखे किरकोळ असेल, तर नियोक्ता त्याकडे दुर्लक्ष करू शकतो, हे दुसरे. निकाली निघालेल्या प्रकरणाची माहिती प्रामाणिकपणे दिली, तरीही नियोक्त्याला पूर्ववृत्त विचारात घेण्याचा अधिकार राहतो आणि नियुक्तीची सक्ती करता येत नाही, हे तिसरे. पोलीस दलासारख्या सेवेत निकष अधिक कठोर राहतात. २०१३ च्या एका निकालात, संशयाचा फायदा मिळून किंवा तडजोडीमुळे झालेली सुटका पोलीस भरतीसाठी पुरेशी ठरेलच असे नाही, असे न्यायालयाने म्हटले होते.

येथे एक विसंगती नोंदविण्यासारखी आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ८ नुसार दोषी ठरलेल्या व्यक्तीची निवडणूक लढविण्याची अपात्रता सुटकेनंतर सहा वर्षांनी संपते. पारपत्र कायद्यात नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यातील दोषसिद्धीसाठी मागील पाच वर्षांचाच विचार होतो. काळाबरोबर दोषाचे वजन कमी होते, हे तत्त्व आपल्या कायद्याने अशा रीतीने मान्य केलेले आहे. सामान्य माणसाच्या रोजगारासाठी मात्र अशी सर्वसाधारण कालमर्यादा ठरविण्यात आलेली नाही.

जगातील अनुभव

ब्रिटनमध्ये १९७४ च्या अपराधी पुनर्वसन कायद्याने 'कालबाह्य दोषसिद्धी' ही संकल्पना रूढ केली. इंग्लंड व वेल्समध्ये २०२२ च्या कायद्याने केलेले बदल ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाले. त्यानुसार एक वर्षापर्यंतच्या कारावासाची नोंद शिक्षा संपल्यानंतर एक वर्षाने, एक ते चार वर्षांच्या कारावासाची चार वर्षांनी आणि त्याहून दीर्घ कारावासाची सात वर्षांनी कालबाह्य होते. गंभीर हिंसक, लैंगिक व दहशतवादी गुन्ह्यांतील दीर्घ शिक्षा यातून वगळलेल्या आहेत, तसेच बालके व असहाय व्यक्तींशी संबंधित कामांसाठी अधिक सखोल पडताळणी होते. या पद्धतीचे वैशिष्ट्य असे की, त्यासाठी अर्ज किंवा शुल्क लागत नाही. मुदत संपताच कायद्याचा लाभ मिळतो.

अमेरिकेत हा विषय प्रामुख्याने राज्यांच्या अखत्यारीत येतो आणि तेथे दीर्घकाळ अर्जाधारित पद्धती होती. लुईझियाना राज्यात अशा अर्जाचे शुल्कच ५५० डॉलर होते. मिशिगन विद्यापीठातील जे. जे. प्रेस्कॉट आणि सोनिया स्टार यांचा या विषयावरील अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. मिशिगनमध्ये नोंद पुसण्यास पात्र ठरलेल्यांपैकी केवळ ६.५ टक्के व्यक्तींनी पाच वर्षांत तो लाभ घेतल्याचे त्यांना आढळले. ज्यांची नोंद पुसली गेली, त्यांच्या वेतनात वर्षभरात सरासरी २२ टक्क्यांहून अधिक वाढ झाली आणि त्यांच्याकडून पुन्हा गुन्हा घडण्याचे प्रमाण अत्यल्प राहिले. लाभ एवढा मोठा असूनही शंभरातील त्र्याण्णव पात्र व्यक्ती त्यापासून दूर राहिल्या. माहितीचा अभाव, शुल्क, गुंतागुंतीची प्रक्रिया, वकिलाची अनुपलब्धता आणि न्यायव्यवस्थेविषयीचा अविश्वास ही त्यामागील कारणे होती. पेनसिल्व्हेनियाने २०१८ मध्ये संगणकाच्या साहाय्याने आपोआप नोंदी मोहोरबंद करण्याचा कायदा सर्वप्रथम केला. मिशिगननेही २०२० मध्ये कायदा केला आणि एप्रिल २०२३ मध्ये तेथे स्वयंचलित प्रक्रिया सुरू झाली.

मात्र केवळ माहिती झाकणे पुरेसे नसते, हेही अमेरिकेतील अनुभव सांगतो. अर्जाच्या नमुन्यात नोंदीविषयी प्रश्न विचारण्यास काही राज्यांनी बंदी घातली. अमांडा अ‍ॅगन आणि सोनिया स्टार यांच्या २०१८ च्या अभ्यासानुसार, बंदीपूर्वी श्वेतवर्णीय अर्जदारांना कृष्णवर्णीयांपेक्षा ७ टक्के अधिक प्रतिसाद मिळत होता. बंदीनंतर हे अंतर ४३ टक्क्यांपर्यंत वाढले. माहिती न मिळाल्यामुळे नियोक्ते वर्णावरून अंदाज बांधू लागले. म्हणून नोंदींच्या सुधारणेबरोबर भेदभावविरोधी उपायही आवश्यक ठरतात.

भारतातील सामूहिक दिलाशाचा प्रयोग

कोविड महामारीच्या काळात भारताला या विषयाचा एक वेगळा अनुभव आला. लोकसेवकाच्या आदेशाचे उल्लंघन केल्याबद्दल भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ खाली २०१९ मध्ये २९,४६९ गुन्हे नोंदले गेले होते. २०२० मध्ये ही संख्या ६,१२,१७९ झाली. रोजगार गमावून गावाकडे निघालेले मजूर, दुकानदार आणि विद्यार्थी अशा अनेकांच्या नावे एका वर्षात गुन्हे नोंदले गेले. सर्वोच्च न्यायालयाने ९ जून २०२० रोजी, स्थलांतरित मजुरांवरील आपत्ती व्यवस्थापन कायद्याखालील खटले मागे घेण्याचा विचार करावा, असे निर्देश राज्यांना दिले. पुढे उत्तर प्रदेशाने २०२१ मध्ये आणि महाराष्ट्राने २०२२ मध्ये टाळेबंदीच्या उल्लंघनाचे खटले मागे घेण्याचा निर्णय जाहीर केला.

या निर्णयाचे आर्थिक महत्त्व मोठे आहे. प्रत्येक आरोपीने स्वतंत्र वकील करून न्यायालयात जावयाचे ठरविले असते, तर लाखो कुटुंबांना खर्च सोसावा लागला असता आणि न्यायालयांवरही भार पडला असता. राज्याने पुढाकार घेतल्याने प्रतिव्यक्ती खर्च नगण्य झाला. खटला मागे घेणे म्हणजे अभिलेख नष्ट होणे नव्हे, ही मर्यादा येथेही होतीच. तरीही नोंदीतून मुक्ततेचा खर्च व्यक्तीकडून संस्थेकडे हलविता येतो, हे यातून सिद्ध झाले.

धोरणाची दिशा

वरील विवेचनावरून धोरणाची काही सूत्रे मांडता येतात. पहिले म्हणजे, निर्दोष मुक्तता, दोषारोपातून मुक्तता किंवा गुन्हा रद्द झाल्याचा आदेश न्यायालयाच्या प्रणालीतून पोलिसांच्या प्रणालीत आपोआप पोहोचावा. आंतर-कार्यक्षम फौजदारी न्याय प्रणालीद्वारे पोलीस, न्यायालये, कारागृहे व न्यायवैद्यक प्रयोगशाळा जोडण्याचे काम हाती घेतलेलेच आहे. त्यामुळे ही अपेक्षा तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. दुसरे म्हणजे, किरकोळ आणि अहिंसक गुन्ह्यांतील एकमेव दोषसिद्धी ठरावीक वर्षांच्या निर्दोष वर्तनानंतर रोजगारासाठी कालबाह्य मानण्याचा विचार व्हावा. गंभीर हिंसाचार, लैंगिक अत्याचार, बालकांविरुद्धचे आणि राष्ट्रसुरक्षेचे गुन्हे यातून वगळणे योग्य ठरेल. बालकांची काळजी किंवा सुरक्षा यांसारख्या क्षेत्रांतील नियोक्त्यांची पडताळणीची गरज रास्त आहे आणि पीडितांचा न्यायाचा हक्क अबाधित राहिला पाहिजे.

तिसरे म्हणजे, विधी सेवा प्राधिकरणांच्या कामात अभिलेख दुरुस्तीचा स्पष्ट समावेश व्हावा. कारागृहातून सुटणाऱ्या किंवा निर्दोष ठरणाऱ्या व्यक्तीला निकालाच्या प्रतीबरोबरच आपल्या हक्कांची माहिती स्थानिक भाषेत मिळावी. चौथे म्हणजे, नोंदी मुळातच कमी निर्माण व्हाव्यात. जनविश्वास (तरतुदींमध्ये सुधारणा) अधिनियम, २०२३ ने ४२ कायद्यांतील १८३ तरतुदी फौजदारी स्वरूपातून वगळल्या किंवा सौम्य केल्या. उद्योग-व्यवसायांना मिळालेला हा दिलासा गरिबांना लागू होणाऱ्या किरकोळ गुन्ह्यांपर्यंतही पोहोचला पाहिजे. भारतीय न्याय संहितेत काही किरकोळ गुन्ह्यांसाठी समाजसेवेची शिक्षा समाविष्ट झाली आहे. या शिक्षेचा वापर वाढल्यास कारावास टळेल. तिची नोंदही रोजगाराच्या आड येऊ नये, याची तरतूद व्हावयास हवी.

समारोप

काम करू इच्छिणारी व्यक्ती केवळ जुन्या नोंदीमुळे बेकार राहिली, तर तिचे कुटुंब उत्पन्नाला मुकते आणि अर्थव्यवस्था तिच्या श्रमाला मुकते. वैध रोजगाराचे दरवाजे बंद झाल्याने पुन्हा गुन्ह्याकडे वळण्याचा धोका वाढला, तर समाजाच्या सुरक्षिततेलाही बाधा पोहोचते. नोंदीतून मुक्तता ही म्हणूनच दयेची बाब न राहता मानवी भांडवलातील गुंतवणूक ठरते. कायद्यापुढील समानतेची हमी अनुच्छेद १४ ने दिलेली आहे. एकच आदेश एका नागरिकाला काही महिन्यांत मिळतो आणि दुसऱ्याला खर्चाअभावी आयुष्यभर मिळत नाही, तोपर्यंत ती हमी अपुरीच राहील. अभिलेख तयार करण्यासाठी जे तंत्रज्ञान आणि जो निधी राज्याने उपलब्ध केला, त्याचा रास्त वाटा ते अभिलेख अचूक व न्याय्य ठेवण्यासाठी वापरणे, ही या संदर्भातील पुढची स्वाभाविक पायरी होय.